चार्जरवरचे लेबल काय सांगत नाही?

धुळे जिल्ह्यात २०१६-१७ च्या सुमारास जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याची मोठी मोहीम झाली. गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढली, वर्गांत प्रोजेक्टर लागले, लॅपटॉप आले, स्पीकर आले. त्यानंतर काही वर्षांनी साक्री तालुक्यातील अशाच एका शाळेत आम्ही गेलो होतो. विज्ञानाचा पाठ पडद्यावर सुरू झाला आणि स्पीकरमधून घर्रर्र असा अखंड आवाज येऊ लागला. बोलणाऱ्याचे शब्द त्यात बुडून जात होते. मागे उभ्या असलेल्या एका पालकांनी निदान केले, “लाइनच खराब शे, गुरुजी!” गुरुजींचेही मत तेच होते. त्यासाठी त्यांनी वर्गणीच्या पैशांतून एक स्टॅबिलायझर घेतला होता. तो कोपऱ्यात चालू होता आणि घरघरही चालू होती.

आम्ही लॅपटॉपला जोडलेली चार्जरची पिन काढली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि घरघर एकदम थांबली. पिन पुन्हा लावली, घरघर पुन्हा आली. वर्गातली मुले हसली. दोष ‘लाइन’चा नव्हता, निदान एकट्या लाइनचा तरी नव्हता. तो त्या काळ्या डबीत आणि तिच्या जोडणीत होता.

पुस्तकाचे परीक्षण करताना आपण लेखकाने काय लिहिले ते पाहतो आणि काय गाळले तेही पाहतो. या लेखात आम्ही तसेच परीक्षण एका फार छोट्या मजकुराचे करणार आहोत. हा मजकूर आज जवळजवळ प्रत्येक शाळेत आहे, पण तो कोणी वाचत नाही. लॅपटॉपच्या चार्जरवरचे लेबल हा तो मजकूर.

लेबलावर काय असते?

आमच्यासमोर दोन चार्जर आहेत. एक लॅपटॉपबरोबर आलेला, तीन पिनांचा. दुसरा, पहिला बिघडल्यावर बाजारातून स्वस्तात आणलेला, दोन पिनांचा. दोन्हींवर जवळपास सारखेच छापलेले आहे. इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५० ते ६० हर्ट्झ. आउटपुट १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर. नववी-दहावीच्या मुलांना येथेच एक गणित देता येते : १९.५ गुणिले ३.३३ म्हणजे सुमारे ६५ वॅट. लेबलाचा हा भाग प्रामाणिक आणि उपयोगी आहे. चुकीच्या व्होल्टचा चार्जर जोडून लॅपटॉप बिघडवण्याचे प्रकार तो वाचल्याने टळतात.

पुढे चिन्हांची रांग असते. चौकोनात चौकोन म्हणजे दुहेरी विद्युतरोधन, अर्थात शॉकपासून संरक्षणासाठी या उपकरणाला अर्थिंगवर अवलंबून राहावे लागत नाही. घराचे चित्र म्हणजे फक्त घरात वापरा. फुली मारलेली कचऱ्याची पेटी म्हणजे साध्या कचऱ्यात टाकू नका. त्याशेजारी ‘सीई’ आणि ‘एफसीसी’ ही अक्षरे. आणि भारतीय मानक ब्यूरोची खूण, तिच्याबरोबर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक.

आता विचारू या : घरघरीबद्दल या मजकुरात काय आहे? ‘सीई’ ही युरोपातील खूण आहे. तिच्या अटींत सुरक्षिततेबरोबर विद्युत गोंगाटाची मर्यादाही येते. ‘एफसीसी’ ही अमेरिकेची, रेडिओ व्यत्ययाशीच संबंध असलेली. म्हणजे गोंगाटाविषयी जे काही आश्वासन आहे ते दूरच्या देशांच्या कायद्याला दिलेले आहे. शिवाय अशा वस्तूंवर ‘सीई’ची खूण उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर छापतो. नकली मालावर ती छापायला शाईखेरीज काही लागत नाही. आमच्या दोन पिनांच्या चार्जरवरही ती ठळकपणे आहे.

भारतीय खुणेचे काय? आपल्याकडे २०१२ च्या आदेशाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सक्तीची नोंदणी सुरू झाली आणि पुढे असे अडॅप्टरही तिच्यात आले. हे चांगलेच झाले. परंतु ही नोंदणी ज्या मानकावर झाली ते आयएस १३२५२ हे सुरक्षिततेचे मानक आहे. शॉक बसू नये, आग लागू नये, डबी फार तापू नये, हे ते पाहते. त्याच्या जागी आलेले आयएस/आयईसी ६२३६८ हे नवे मानकही सुरक्षिततेचेच. डबीतून वीजवाहिनीत किती गोंगाट शिरतो, हा प्रश्न या खुणेच्या कक्षेत येत नाही. साक्रीच्या गुरुजींनी खूण पाहून चार्जर घेतला असता, तर वर्गातली मुले सुरक्षित राहिली असती. पण घरघर थांबलीच असती, असे ती खूण सांगत नाही.

डबीत काय चालते?

जुन्या रेडिओच्या एलिमिनेटरमध्ये लोखंडी गाभ्याचे रोहित्र असे. ते ५० हर्ट्झवर चाले, जड असे, पण रेडिओच्या दृष्टीने शांत असे. ६५ वॅटसाठी तसे रोहित्र करायचे तर वजन किलोच्या घरात जाईल. लॅपटॉपचा चार्जर हाताच्या पंजात मावतो, कारण त्याची रीतच वेगळी आहे.

भिंतीतून आलेल्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती धारेची तो प्रथम दिष्ट धारा करतो. २३० हे प्रभावी मूल्य असल्याने तिचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि तेवढ्या दाबापर्यंत आतले धारित्र भरते. मग एक ट्रान्झिस्टर ही ३२५ व्होल्टची धारा सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. अनेक चार्जरांत हा आकडा ६५,००० च्या आसपास असतो. वारंवारता इतकी वाढली, की चिमुकले फेराइटचे रोहित्रही तेवढीच शक्ती पोचवू शकते. दहा वॅट घेतले तर जेमतेम एक वॅट उष्णतेत जातो. हे यश मोठे आहे आणि चार्जरला नुसते खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल.

पण तोडणे-जोडणे एका सेकंदाच्या कोट्यंश भागांत घडते. ज्या धारेला असे तीक्ष्ण काठ असतात तिच्यात मूळ वारंवारतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, दसपट अशा सर्व पटींच्या वारंवारता असतात. तबल्यावर थाप जितकी कडक, तितके वरचे स्वर अधिक, तसेच हे. ६५ किलोहर्ट्झच्या पटी काढून पाहा. ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ या मध्यम लहरींच्या पट्ट्यात नवव्या पटीपासून चोविसाव्या पटीपर्यंत सोळा पटी पडतात. नववी पट ५८५, म्हणजे नागपूर आकाशवाणीची ठरलेली जागा. पंधरावी पट ९७५.

जळगावकरांना येथे एक आकडा आठवेल. जळगाव आकाशवाणी केंद्र १९७६ साली सुरू झाले आणि मध्यम लहरींवर ते ९६३ किलोहर्ट्झला लागत असे. ९७५ आणि ९६३ यांत १२ किलोहर्ट्झचे अंतर आहे. चार्जरची मूळ वारंवारता ६५ ऐवजी ६४.२ झाली, की पंधरावी पट बरोबर ९६३ वर येते. एवढा फरक सुट्या भागांतल्या उन्नीस-बिशीने सहज पडतो. खानदेशातील शेतकऱ्याने बाजारभाव ऐकायला जी जागा शोधायची, तीच जागा शेजारची डबी बळकावू शकते.

एरंडोल असो की शिरपूर, हे गणित वर्गात फळ्यावर दहा मिनिटांत होते. पाढे, वारंवारता आणि गावचा रेडिओ, तिन्ही एकाच तासात.

मर्यादा कोणाच्या कानाने ठरली?

गोंगाटाची आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरवणारी समिती १९३४ मध्ये स्थापन झाली. तिचे संक्षिप्त नाव ‘सिस्पर’. रेडिओ ऐकणाऱ्यांना विजेच्या यंत्रांचा त्रास होऊ नये, हाच तिचा मूळ हेतू. गोंगाट मोजण्यासाठी तिने जो मापक ठरवला तोही नमुनेदार आहे. क्वचित होणारी टिकटिक माणसाला कमी खुपते, सलग घरघर अधिक खुपते. मापकाचा आकडाही त्याच प्रमाणात कमी-जास्त होतो. एका अर्थी श्रोत्याचा कानच त्यांनी यंत्रात बसवला.

घरगुती वापराच्या उपकरणाने वीजवाहिनीत किती गोंगाट सोडावा याची तिने घातलेली मर्यादा मध्यम लहरींच्या पट्ट्यात सुमारे ६३० मायक्रोव्होल्ट येते. टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलचा हा दोन हजारावा भागही नाही. ‘चार्जरमधून रेडिएशन येते, मुलांच्या डोक्याला धोका आहे’ अशी भीती कुठे ऐकली, तर हा आकडा सांगावा. इतक्या दाबाने शरीराला काही होत नाही. मात्र दूरच्या केंद्राचा संदेशही रेडिओपाशी मायक्रोव्होल्टांतच पोचत असतो. धोका शरीराला नसून ऐकण्याला आहे. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की लोक उगाच घाबरतात आणि खरा दोष दुर्लक्षित राहतो.

आता या मर्यादेवरही एक टीका. ती १५० किलोहर्ट्झपासून पुढे लागू होते. ६५ ची दुप्पट १३०. म्हणजे सर्वांत जोरकस अशा पहिल्या दोन पटी मोजणीच्या उंबरठ्याबाहेर राहतात. अभियंत्यांना ६५ हा आकडा आवडतो त्यामागे हेही एक कारण आहे. दुसरी युक्ती अशी, की मूळ वारंवारता मुद्दाम थोडी मागेपुढे हलती ठेवतात. त्यामुळे एका जागी उंच सुळका उभा राहत नाही, तो पसरतो आणि परीक्षेत आकडा कमी येतो. पण मूळ वारंवारता १ किलोहर्ट्झने हलली, तर पंधरावी पट १५ किलोहर्ट्झने हलते. मध्यम लहरींवर शेजारशेजारच्या केंद्रांतले अंतर ९ किलोहर्ट्झ असते. एका केंद्रावरची शिट्टी गेली आणि अनेक केंद्रांवर पातळ फुसफुस आली. परीक्षेत उत्तीर्ण होणे आणि विषय समजणे यांतला फरक शिक्षकांना निराळा सांगायला नको.

तरीही नियम पाळणारा चार्जर आणि न पाळणारा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. चांगल्या चार्जरमध्ये विजेच्या प्रवेशापाशी गाळणी असते : फेराइटवर गुंडाळलेली जोड-वेटोळी आणि दोन-तीन धारित्रे. स्वस्त नकलेत पैसे वाचवायचे ठिकाण हेच. गाळणी काढली तरी लॅपटॉप चार्ज होतोच. वेटोळ्याच्या जागी नुसता तारेचा तुकडा टाकला तरी लेबलावरचा एकही आकडा बदलत नाही. लेबलाचा सर्वांत मोठा दोष हा, की त्यावरून असली आणि नक्कल वेगळी ओळखता येत नाही.

तिसरी पिन

आमच्या मते या सगळ्यात अपराधाचा एक वाटा आपल्या शिकवण्याकडे जातो. तिसरी पिन ‘शॉक बसू नये म्हणून’ असते, एवढे सांगून आपण थांबतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे.

चार्जरच्या विजेकडच्या आणि लॅपटॉपकडच्या बाजूंमध्ये एक छोटे धारित्र मुद्दाम जोडलेले असते. पलीकडे झिरपलेला गोंगाट त्याच्या उगमाकडे परत न्यावा, हे त्याचे काम. पण त्याच धारित्रातून ५० हर्ट्झची अगदी थोडी धाराही पलीकडे जाते. २.२ नॅनोफॅरडचे धारित्र आणि २३० व्होल्ट धरले तर जास्तीत जास्त सुमारे ०.१६ मिलिअँपिअर. तीन पिनांच्या चार्जरमध्ये तिला अर्थिंगची वाट मिळते. अर्थिंग नसेल तर ती दुसरी वाट शोधते. धातूच्या लॅपटॉपवरून बोट फिरवताना मुंग्या येतात, ती एक वाट. स्पीकरच्या वायरमधून ॲम्प्लिफायरकडे, ही दुसरी. साक्रीच्या वर्गातली घरघर या दुसऱ्या वाटेने येत होती. काही वेळा टचपॅडवरचा बाण आपोआप उड्या मारतो, त्यामागेही बहुधा हेच असते.

पुढे गावातल्या वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा तिसऱ्या छिद्राला तारच जोडलेली नव्हती. तार ओढून जोडली, लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डवर आणले, तीन पिनांचा चार्जर लावला. घरघर जवळजवळ गेली. दोन पिनांची नक्कल लावली की ती पुन्हा येई. स्टॅबिलायझरचा दोष नव्हता. व्होल्टेज चढले-उतरले तर सावरणे हे त्याचे काम, आणि तक्रार व्होल्टेजची नव्हतीच. वर्गणीचे पैसे मात्र चुकीच्या औषधावर गेले.

अर्थिंग एकदा केले की झाले, असेही नाही. खानदेशातली काळी जमीन चैत्र-वैशाखात भेगाळते. कोरड्या मातीचा विद्युतरोध वाढतो आणि पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग मे महिन्यात नावापुरते उरते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्याची जुनी रीत अडाणीपणाची नव्हती.

शाळेत काय करता येईल?

मध्यम लहरी लागणारा एक जुना ट्रान्झिस्टर आणा. केंद्र नसलेल्या रिकाम्या जागी सुई ठेवा. चार्जर लावून रेडिओ जवळ न्या, मग पावलापावलाने दूर न्या. आवाज कुठे संपतो ते मोजा. रेडिओ आडवा-उभा फिरवा. आतल्या फेराइट कांडीच्या दिशेनुसार आवाज कमी-जास्त होईल. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असताना आणि रिकामी असताना फरक नोंदवा. शेवटी रेडिओ चार्जरपासून दूर, पण भिंतीतल्या वायरिंगजवळ धरा. आवाज पुन्हा वाढला तर मुलांना विचारा, का? ९६३ किलोहर्ट्झची लहर ३११ मीटर लांब असते. दोन मीटरची चार्जरची वायर तिला फार तोकडी. इमारतीचे वायरिंग आणि खांबांवरच्या तारा मात्र चांगला एरियल होतात. गोंगाट मुख्यतः तारांवरून प्रवास करतो, हे पुस्तक न उघडता समजेल. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जरही तपासा. लॅपटॉपचा चार्जर एकटाच दोषी नाही, हेही कळू द्या.

एक सूचना कळकळीची. चार्जर उघडू नये, मुलांना उघडू देऊ नये. पिन काढल्यावरही आतले धारित्र काही काळ भरलेले राहू शकते. अर्थिंगची तपासणीही वायरमनकडूनच करून घ्यावी.

कोणी म्हणेल, आज जळगाव-धुळ्यात रेडिओ ऐकणारे बहुतेक एफएमवर ऐकतात. एफएमला हा गोंगाट फारसा बाधत नाही, मग एवढा खटाटोप कशाला? एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत जाते आणि डोंगराआड अडते. सातपुड्याच्या खोल दऱ्यांत पोचायला जमिनीलगत जाणारी मध्यम लहर अधिक समर्थ आहे. तिथल्या माणसाच्या रेडिओवर गोंगाट चढला, तर त्याची तक्रार आपल्यापर्यंत येतही नाही. त्याला वाटते रेडिओ जुना झाला. पुणे जिल्ह्यात खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. वीजवाहिन्यांतल्या ठिणग्यांचा गोंगाट हा तिथला जुना प्रश्न आहे. तिथे शास्त्रज्ञ असल्याने त्या गोंगाटाची नोंद होते. तोरणमाळच्या बाजूच्या श्रोत्यासाठी ती कोण करणार?

लेबलावर गोंगाटाविषयी एक ओळ असावी आणि तिच्यामागे आपल्या देशातली परीक्षा असावी, ही मागणी मोठी नाही. ती होईपर्यंत शाळेला दोन गोष्टी करता येतात. चार्जर घेताना दहा रुपयांऐवजी दहा मिनिटे खर्च करून तो रेडिओजवळ लावून पाहावा. आणि वर्गात घरघर ऐकू आली तर ‘लाइनच खराब’ म्हणण्याआधी पिन काढून पाहावी.